भावनांच्या अभिव्यक्तीच्या शास्त्रीय अभ्यासात कथा-कादंबऱ्यांना कितपत स्थान द्यावे?

मैत्रेयी_क (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी मानसशास्त्रात एम.ए. करते आहे. लघुप्रबंधासाठी ‘चारचौघांत दाबून ठेवलेल्या भावना शरीरातून कशा प्रकट होतात’ हा विषय घेतला आहे. प्रयोगशाळेत अशी भावना निर्माण करणे अवघड असते आणि निर्माण केली तरी समोर कॅमेरा आहे याचे भान सहभागी व्यक्तीला असतेच. म्हणून मराठी कथा-कादंबऱ्यांतील निवडक उतारे पूरक सामग्री म्हणून वापरावेत, असे मी आराखड्यात सुचवले होते. त्यावर विभागातील चर्चेत आक्षेप आला की, लेखकाने मनाने रचलेल्या प्रसंगाला निरीक्षणाचा दर्जा देता येणार नाही आणि वाङ्मयाचा अभ्यासच करायचा असेल तर तो मराठी विभागात जाऊन करावा.

या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. कादंबरीतल्या नायिकेचे डोळे पाणावतात, ते लेखकाने कुणाचे तरी पाणावलेले डोळे नीट पाहिले होते म्हणून, की आधीच्या शेकडो नायिकांचे डोळे असेच पाणावत आले आहेत म्हणून, हे उताऱ्यावरून कळत नाही. पण चेहऱ्याच्या स्नायूंची हालचाल टिपणारी पद्धत आणि ठरावीक छायाचित्रांचे संच ही आमची नेहमीची साधनेही या विषयापाशी येऊन अडतात, कारण दाबलेली भावना चेहऱ्यावर एकतर दिसत नाही, किंवा क्षणभर चमकून जाते. या क्षेत्रात कथासाहित्याचा शिस्तशीर उपयोग कुणी केला आहे का? केला असल्यास लेखकाचे निरीक्षण आणि लेखनाचा रूढ संकेत यांची फारकत त्यांनी कशी केली?

जुने_पान

मैत्रेयी, विभागाला उत्तर द्यायचे असेल तर थेट डार्विनपासून सुरुवात करा. ‘द एक्स्प्रेशन ऑफ द इमोशन्स इन मॅन अँड ॲनिमल्स’ हा त्याचा ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध झाला. छायाचित्रे छापणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रीय ग्रंथांपैकी तो एक, म्हणून त्याचा उल्लेख नेहमी होतो. मात्र त्याच ग्रंथात शेक्सपिअर, डिकन्स, वॉल्टर स्कॉट, एलिझाबेथ गॅस्केल यांचे दाखलेही आहेत, हे वर्गात फारसे कुणी सांगत नाही. चित्रे आणि शिल्पे यांचा आपल्याला फारसा उपयोग झाला नाही, असे तो आरंभीच म्हणतो. कारण त्या कलांचा मुख्य हेतू सौंदर्य हा असतो आणि जोराने आकसलेले स्नायू सौंदर्याचा नाश करतात. कादंबरीकाराला विद्रूप चेहऱ्याची भीती नसते.

त्याने हे दाखले कसे वापरले, हे तुमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. मला तीन तऱ्हा दिसतात. पहिली तऱ्हा साधी आहे. रडणाऱ्या तान्ह्या मुलाचे तोंड चौकोनी का होते, हे स्नायूंच्या आधारे समजावताना तो गॅस्केलबाईंच्या ‘मेरी बार्टन’मधले मूल पुढे आणतो, जे तोंडाचा चौकोन करते आणि भरवलेली लापशी चारही कोपऱ्यांतून बाहेर सोडते. हे वाक्य लिहिणाऱ्या बाईने मूल भरवलेले आहे, याबद्दल शंका राहत नाही. येथे कादंबरी ही आधीच केलेल्या निरीक्षणाला मिळालेली जोड आहे, त्यापलीकडे काही नाही.

दुसरी तऱ्हा मला सर्वांत मोलाची वाटते. भीतीने माणसाचे केस उभे राहतात, असे कवी आणि नाटककार पूर्वापार सांगत आले आहेत. डार्विन शेक्सपिअरमधील दोन ठिकाणे उद्धृत करतो आणि लगेच एक शंका काढतो: प्राण्यांच्या बाबतीत जे नेहमी दिसते तेच लेखकांनी माणसाला लावून तर दिले नसेल? तुमच्या विभागाची शंका हीच आहे आणि ती डार्विनला दीडशे वर्षांपूर्वी पडली होती. त्याने दाखला टाकून दिला नाही आणि प्रमाणही मानला नाही. इंग्लंडमधील वेकफील्डच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. जेम्स क्रायटन-ब्राउन यांना पत्र लिहून त्याने विचारणा केली. त्यांनी अकस्मात आणि तीव्र भीतीच्या प्रसंगी रुग्णांचे केस उभे राहिलेले वारंवार पाहिल्याचे कळवले. त्यांपैकी एका बाईला मॉर्फियाची सुई टोचावी लागे. आपल्या अंगात विष घातले जात आहे असे तिला वाटे. ती पांढरीफटक पडे, हातपाय ताठ होत आणि कपाळावरचे केस काहीसे उभे राहत. नाटकातून मिळालेला संशय रुग्णालयात तपासला गेला, हा त्यातला क्रम लक्षात घ्या.

तिसऱ्या तऱ्हेत तो थेट शेक्सपिअरची चूक काढतो. माणूस अंधारातही लाजून लाल होतो, असा निष्कर्ष त्याने काही स्त्रियांच्या सांगण्यावरून, परदेशातून आलेल्या माहितीवरून आणि स्वतःच्या अनुभवावरून काढला होता. त्यामुळे रात्रीचा मुखवटा चेहऱ्यावर नसता तर माझे गाल लाजेने रंगले असते, असे ज्युलिएटच्या तोंडी घालणारा शेक्सपिअर येथे चुकला, असे तो लिहितो. ज्या साक्षीदाराची चूक दाखवता येते त्याची साक्ष घेण्याला निदान अशास्त्रीय म्हणता येत नाही, एवढे विभागाला सांगून पाहा.

भवभूती_नव्हे

मी वाङ्मयाचा माणूस आहे, त्यामुळे ‘मराठी विभागात जा’ हे वाक्य वाचून गंमत वाटली. आमच्याकडे आल्यावर ‘हा मानसशास्त्राचा विषय आहे’ असे उत्तर मिळण्याची शक्यता बरीच आहे.

जुने_पान सरांच्या तिसऱ्या उदाहरणाबद्दल मात्र माझे वेगळे मत आहे. मुखवटा चेहरा झाकतो. झाकलेल्या चेहऱ्यावर रंग चढलेला नाही, असे त्यातून ठरत नाही. तेव्हा ज्युलिएट ‘मी लाजलेले नाही’ असे म्हणते आहे, की ‘मी लाजले आहे पण तुला ते दिसत नाही’ असे सुचवते आहे? दोन्ही अर्थ संभवतात आणि डार्विनने त्यांतला एकच घेतला. त्याहून मोठी गोष्ट अशी की, हे विधान शेक्सपिअरचे नाही. ते एका मुलीने अंधारात उभ्या असलेल्या प्रियकराला उद्देशून केलेले आहे. आपली लाज त्याला दिसत नाही म्हणून ती शब्दांनी कळवते आहे. म्हणजे नाटककाराने टिपलेली अभिव्यक्ती गालावर नसून त्या सांगण्यातच असू शकते, आणि ती डार्विनच्या नजरेतून निसटली.

यातून एक व्यावहारिक सूचना निघते. प्रत्येक उताऱ्यापुढे अभिव्यक्तीची नोंद कोण करतो आहे, हे आधी लिहा. निवेदकाने बाहेरून केलेले वर्णन, पात्राने स्वतःविषयी केलेले कथन आणि एका पात्राने दुसऱ्याविषयी बांधलेला अंदाज या तीन वेगवेगळ्या प्रतीच्या साक्षी आहेत. त्यांची सरमिसळ केली तर पुढची सगळी मोजणी फुकट जाईल.

रूढ संकेतांना तुम्ही कचरा समजता आहात, असे प्रश्नावरून वाटले. तसे करू नका. कपाळाला हात लावणे, तोंडाला पदर लावणे, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरणे ही वर्णने पुन्हा पुन्हा येतात तेव्हा ती एका व्यक्तीच्या शरीराविषयी फार थोडे सांगतात. मात्र त्या समाजात कोणती खूण कोणत्या भावनेची म्हणून वाचली जाते, हे त्यांतून पक्के कळते. अभिव्यक्तीला वाचणाराही लागतो. संकेत म्हणजे वाचणाऱ्याच्या बाजूची सामग्री आहे, तिचा रकाना वेगळा ठेवा, इतकेच.

आता लपवण्याविषयी. डार्विनच्या त्याच ग्रंथात आपल्याकडचा एक उल्लेख आहे. १८६७ च्या सुमारास त्याने भावनांच्या खुणांविषयीच्या सोळा प्रश्नांची एक यादी जगभर पाठवली होती. मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्ह्यात राहणाऱ्या एर्स्किन नावाच्या गृहस्थांनी त्याच्यासाठी तेथील लोकांच्या चेहऱ्यांकडे काळजीपूर्वक लक्ष दिले. त्यांना कोणताही खात्रीचा निष्कर्ष काढणे फार जड गेले. कारण युरोपीय माणसासमोर आपल्या सर्व भावना लपवण्याची लोकांना सवयच होती. डार्विनने ही अडचण म्हणून नोंदवली आणि तो पुढे गेला. मला तर ते त्या यादीला मिळालेले सर्वांत मौल्यवान उत्तर वाटते. साहेब निघून गेल्यावर त्या चेहऱ्यांचे काय होत होते, हे साहेबाला कधीच दिसणार नव्हते. कथेच्या निवेदकाला मात्र तेथे थांबता येते.

मराठीत अशा जागा भरपूर आहेत. १८९० च्या दशकाच्या आरंभी हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमूला स्वतःची कहाणी स्वतःच सांगायला लावले, तेव्हा मोठ्यांच्या समोरची यमू आणि आतली यमू एकाच वेळी वाचकासमोर आली. अर्थात, ही बाई एका पुरुषाने लिहिली आहे, याची नोंद तुमच्या तक्त्यात हवी. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेत परक्या गावी डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात लपवावी लागते. तेथे चेहरा ताब्यात ठेवणे हा शिष्टाचार राहत नाही, तो जिवाचा प्रश्न होतो. भावनेच्या अभिव्यक्तीवर समाजाने घातलेल्या बंधनांना तुमच्या शास्त्रात जे काही नाव असेल, त्यात या दोन प्रकारच्या लपवण्यांतला फरक धरलेला असतो का, हे मला तुमच्याकडूनच समजून घ्यायचे आहे.

आकडेमोड

मी प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून थोडा रुक्ष सूर लागेल.

कथेचे प्रयोगशाळेत वावडे आहे, हा समज आधी दूर व्हावा. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांमध्ये केलेला आणि १९७१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास कथांवरच उभा आहे. प्रौढ सहभागी व्यक्तीला एक छोटी गोष्ट सांगायची, तीन छायाचित्रे दाखवायची आणि गोष्टीतल्या माणसाचा चेहरा निवडायला लावायचे, अशी ती रीत होती. भीतीची गोष्ट अशी: माणूस घरात एकटा आहे, गावात दुसरे कुणी नाही, घरात सुरी, कुऱ्हाड, धनुष्य काही नाही, आणि दारात रानडुक्कर उभे आहे. इतका तपशील घालूनही भीतीचा चेहरा आणि आश्चर्याचा चेहरा यांत लोकांना फरक करता आला नाही. या गोष्टी संशोधकांनी बेतल्या होत्या, म्हणजे कल्पित कथा तेथेही होतीच. फक्त ती कथा म्हणून किती सकस आहे हे कुणी विचारले नाही. एक गोष्ट, एक भावना, एक चेहरा असे आधीच ठरवून बेतलेल्या कथेतून त्याहून वेगळे काही निघण्यास वावच नसतो.

याच्या दुसऱ्या टोकाला २०२१ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेला एक अभ्यास आहे, ज्यात मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट यांचा सहभाग होता. अनुभवी नटांना तपशीलवार प्रसंग देऊन काढलेली छायाचित्रे त्यात तपासली गेली. एकाच भावनेसाठी नटांनी नाना तऱ्हेचे चेहरे केले होते, पाठ्यपुस्तकातला ठरावीक चेहरा क्वचितच आढळला आणि पाहणाऱ्यांच्या निर्णयावर प्रसंगाच्या वर्णनाचा प्रभाव मोठा होता. यातून भवभूतींच्या म्हणण्याला बळ मिळते: चेहरा सुटा काढला की त्याचा अर्थ डळमळतो आणि कादंबरी चेहरा कधी सुटा देतच नाही.

दोन वाटांना मात्र जाऊ नका. उत्तम कथा वाचल्याने इतरांचे मन ओळखण्याची क्षमता तात्काळ वाढते, असा २०१३ सालचा ‘सायन्स’मधील निष्कर्ष खूप गाजला, परंतु नंतरच्या पुनर्तपासणीत तो टिकला नाही, शिवाय तो वाचकावर होणाऱ्या परिणामाचा प्रश्न आहे, तुमचा नाही. दुसरी वाट लाखो पुस्तकांतील भावनावाचक शब्द मोजण्याची. गूगलच्या ज्या संग्रहावर अशी मोजणी प्रामुख्याने झाली त्यात मराठी नाही. असती तरी दाबलेल्या भावनेचे चांगले वर्णन तिचे नाव घेणे टाळते. त्यामुळे शब्दमोजणीत नेमके तुमचे उतारेच गळून पडतील.

रंगपीठ

डार्विनच्या केसांवरून राहवले नाही म्हणून लिहितो. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ (शरीर ताठणे), स्वेद (घाम), रोमांच (अंगावर काटा), स्वरभेद (आवाज बदलणे), वेपथू (कंप), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणे), अश्रू आणि प्रलय (भान हरपणे). क्रायटन-ब्राउन यांच्या त्या रुग्ण बाईच्या वर्णनात वैवर्ण्य, स्तंभ आणि रोमांच हे तिन्ही एकाच वेळी हजर आहेत. नटाला हे भाव हातवाऱ्यांसारखे हुकमी करता येत नाहीत, मनाच्या एकाग्रतेतून ते यावे लागतात, असे परंपरा मानते. इच्छेने होणारी आणि इच्छेवाचून होणारी अभिव्यक्ती वेगळी धरावी हा विचार त्यात आलाच. अलीकडे अंगावरील रोमांच मोजण्यासाठी त्वचेवर रोखलेला खास कॅमेरा वापरतात आणि रोमांच उठावेत म्हणून सहभागी व्यक्तीला संगीत किंवा कवितेचे उतारे ऐकवतात.

नाट्यपरंपरेची प्रत्यक्ष चाचणीही झाली आहे. अहल्या हेजमाडी, रिचर्ड डेव्हिडसन आणि पॉल रोझिन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नाट्यशास्त्रावर आधारलेल्या भावमुद्रांच्या ध्वनिचित्रफिती अमेरिकी आणि भारतीय विद्यार्थ्यांना दाखवल्या आणि दोघांनाही त्या बऱ्याच प्रमाणात ओळखता आल्या. त्याच्या आदल्या वर्षी जोनाथन हाइट आणि डॅचर केल्टनर यांनी भुवनेश्वर आणि अमेरिका येथे जीभ चावल्याचा चेहरा दाखवून, पर्याय न देता, ‘येथे काय झाले असेल’ असे विचारले होते. भारतीयांना त्यात लाज-संकोच चटकन दिसला. अमेरिकी लोकांना तो लागला नाही. मराठी कथेत तर ‘तिने जीभ चावली’ एवढे तीन शब्द लिहून लेखक पुढे जातो, त्याला खुलासा करावा लागत नाही. पाश्चात्त्य देशांत तयार झालेल्या छायाचित्रसंचात हा चेहरा येण्याचा संभवच नव्हता. तो शोधायला ओडिशाची नृत्यपरंपरा आणि जीभ चावलेल्या कालीची मूर्ती माहीत असलेली माणसे लागली. तुमच्या उताऱ्यांतून अशी एक जरी खूण नव्याने हाती आली तरी प्रबंध सार्थकी लागेल.

मैत्रेयी_क

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल आभारी आहे. भवभूतींच्या प्रश्नाचे उत्तर असे की, आमच्याकडे ‘प्रदर्शनाचे नियम’ अशी संज्ञा आहे आणि ती बहुतेक वेळा शिष्टाचाराच्या अंगाने शिकवली जाते. धोक्यापायी चेहरा बंद ठेवणे त्याच संज्ञेखाली ढकलले जाते आणि मला ते बरोबर वाटत नाही.

आता उतारे पुरावा म्हणून न मांडता, त्यांतून तपासण्याजोगी विधाने काढायची, असे मी ठरवते आहे. फक्त ती तपासायची कशी? माझ्या हाताशी क्रायटन-ब्राउन नाहीत.

आकडेमोड

वाचक आहेत. एक उतारा समोर ठेवून सांगतो. तो मी आत्ताच बेतला आहे, वाङ्मयीन गुण शोधू नयेत. सून परातीत कणीक मळते आहे. ओसरीवर सासरे तिच्या माहेरचे पत्र मोठ्याने वाचून दाखवतात: धाकट्या भावाची शाळा सुटली, त्याला कामाला लावले. सून मान वर करत नाही, ‘बरं’ एवढेच म्हणते आणि मळत राहते. संभाषण पावसाकडे वळते. बऱ्याच वेळाने सासू परातीकडे पाहून विचारते, “आज कणीक एवढी सैल कशी गं?”

चेहऱ्याच्या स्नायूंची नोंद केली तर येथे शून्य मिळेल, आवाजाची केली तरी जवळपास शून्यच. भावना पाण्याच्या जास्तीच्या ओंजळीत आहे आणि ती मागाहून, दुसऱ्याच कुणाला दिसते. यातून निघणारे विधान असे: भावना दाबताना चेहरा ताब्यात राहतो, पण हातातल्या सवयीच्या कामाचे प्रमाण बिघडते. हे विधान कादंबरीविना तपासता येते. सहभागी व्यक्तीला हातवळणी पडलेले काम द्या, अस्वस्थ करणारी ध्वनिफीत ऐकवा, चेहरा निर्विकार ठेवण्यास सांगा, आणि कॅमेरा चेहऱ्यावर न रोखता कामाचे माप घ्या. अर्थात त्याआधी तुमच्या नीतिमत्ता समितीची संमती लागेल आणि तेथे पुन्हा एक बैठक होईल.

वाचणाऱ्याची बाजू तपासणे त्याहून स्वस्त आहे. उताऱ्याच्या तीन आवृत्त्या करा: पूर्ण, सासूच्या प्रश्नाविना, आणि पत्र वगळून. वेगवेगळ्या वाचकांना त्या द्या आणि पर्यायांची यादी न देता, सुनेला काय वाटले असावे व ते कोणत्या वाक्याशी कळले, एवढेच विचारा. उत्तरांचे वर्गीकरण दोघांनी एकमेकांचे न पाहता करावे आणि त्यांचे कितपत जुळते ते आकड्यात द्यावे.

भवभूती_नव्हे

पद्धत मान्य आहे. फक्त कधी कणीक मळली आहे का, हेही वाचकांना विचारा. ज्याने परातीला हात लावलेला नाही त्याला सासूचा प्रश्न निव्वळ तक्रार वाटेल आणि तुमच्या तक्त्यात त्याची नोंद ‘भावना आढळली नाही’ अशी होईल. आपटे-बागुलांचे उतारे घेताना हाच मुद्दा अधिक कडक लावावा लागेल: भाड्याची खोली मागताना आडनाव विचारले जाण्याचा अनुभव असलेले आणि नसलेले वाचक बागुलांच्या कथेत एकाच ओळीवर थांबतील, असे मला वाटत नाही.

जुने_पान

सहमत आहे. असे दोन गट सुरुवातीपासूनच वेगळे ठेवा, मागाहून आकडे फोडू नका. आणि आराखडा पुन्हा सादर करताना केसांच्या उदाहरणाचे ते पान मूळ ग्रंथातून काढून जोडा. लेखकांनी प्राण्यांचे लक्षण माणसाला लावले असेल का, ही शंका आणि त्यापुढे क्रायटन-ब्राउन यांना केलेली विचारणा एकाच वाक्यात आहे.